आजी वारीला गेल्यावर खंड्याला इंजेक्शन द्यावं का?

आधी सरळ उत्तर देते. नाही. आजी घरात नसताना, तिला न सांगता खंड्याला कायमच्या झोपेचं इंजेक्शन देऊ नका. काका काहीही म्हणोत.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. वाईजवळचं गाव. आजी ७४ वर्षांची, माळकरी, दरवर्षी लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर चालणारी. खंड्या तिचा १२ वर्षांचा गावठी कुत्रा. त्याला किडनीचा आजार निघालाय, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) ३.८ आलंय. सारखं पाणी पितो, रात्री घरातच मुततो, मधूनच उलटी करतो, वाळलाय. आजी म्हणते, यंदा वारी नाही. आई फरशी पुसून वैतागलीय, काकूला देवघराजवळ कुत्रा नकोय. आणि काकांनी तोडगा काढलाय की आजीला कसंही करून वारीला धाडायचं, मागे इंजेक्शन उरकायचं आणि ती आल्यावर ‘आपोआप गेला’ म्हणून सांगायचं.

तू माझ्या नातवाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. मी स्वतः माळकरी, आणि घरात कायम कुत्री वागवलेली. म्हाताऱ्या कुत्र्याचं करणं काय असतं ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

काकांच्या तोडग्यात खोटं बोलण्यापेक्षा मोठी खोट आहे. आजी परत आल्यावर पहिलं विचारेल, कुठल्या दिवशी गेला? मग मनात हिशोब लावेल की आपण त्या दिवशी फलटणला होतो की बरडला. आणि उरलेलं आयुष्य एकच म्हणत बसेल, ‘मी वारीला गेले म्हणून गेला.’ म्हणजे इंजेक्शन देणारे तुम्ही आणि दोष जाणार तिच्या वारीवर. पुढच्या वर्षी ती पंढरीची वाट धरेल असं मला वाटत नाही. शिवाय गावात डॉक्टरची गाडी दारात उभी राहिलेली चार जणांनी बघितलेली असते. बातमी पारावरून घरी यायला आठवडाही लागत नाही.

आता आजाराचं. ३.८ म्हणजे शेवट असं कुणी सांगितलं? कुत्र्यांच्या किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्या धरतात. क्रिएटिनिन २.९ ते ५ असेल तर तिसरी, ५ च्या वर चौथी. तिसरीतली कुत्री नीट सांभाळली तर बरेच महिने काढतात, काही त्याहून जास्त. आणि हा आकडा कुत्र्याच्या अंगात पाणी कमी असतानाचा असेल तर तो खरा धरायचाच नसतो. तू लिहिलंयस की रक्त काढलं त्या दिवशी तो सकाळपासून उलट्या करत होता. मग आधी सलाईन देऊन, तब्येत थोडी ठरल्यावर पुन्हा तपासणी करा. सोबत लघवीची तपासणी, रक्तदाब आणि गोचीडतापाची चाचणी मागून घ्या. आपल्या भागात गोचीड भयंकर, आणि तो ताप किडनीही धरतो. उंदराच्या मुतातून होणारा लेप्टो असला तरी आकडा असाच चढतो, आणि त्यावर औषध आहे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला खंबाटकी घाट ओलांडला की जवळच. तिथं दाखवा.

आईला सांग, रात्रीचं पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं ताबडतोब बंद. तुझ्या प्रश्नात ही गोष्ट ओझरती आलीय, पण सगळ्यात धोक्याची हीच आहे. तो पाणी जास्त पितो म्हणून जास्त मुतत नाही. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, अंगातलं पाणी वाहून जातं, म्हणून त्याला तहान लागते. पाणी तोडलं तर दोन दिवसांत तो आडवा पडेल आणि मग सगळे म्हणतील, बघा, काका बरोबर होते.

मुतण्याचा बंदोबस्त आजीच्याच दिनक्रमात आहे. ती पहाटे साडेचारला उठते म्हणतोस. उठून सरळ अंघोळीला जाते, मग पूजा, आणि अंघोळ झाल्यावर त्याला शिवत नाही. म्हणजे तो बिचारा सात वाजेपर्यंत कळ काढतो आणि मग उंबऱ्यातच सोडतो. क्रम उलटा करा. उठल्याबरोबर पारोशानं त्याला परड्यात फिरवून आणायचं, पाणी द्यायचं, आणि मग अंघोळ. सोवळंही राहिलं, फरशीही राहिली. रात्री झोपायच्या आधी एक फेरी तू मारायची. त्याच्याखाली जुन्या वाकळा आणि सुती लुगड्याचे तुकडे घाला, रोज धुऊन टाकता येतात. फरशीला जहाल काळं फिनेल नको. तो त्यावर बसतो आणि पाय चाटतो. साबणाचं पाणी पुरतं.

काकूचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घर तिचंही आहे. देवघराच्या उंबऱ्याबाहेर, आजी जपाला बसते तिथून दिसेल अशी त्याची जागा ठरवा. आत नको, पण नजरेआडही नको. आणि अगदीच विषय वाढला तर काकूला विचार, दत्ताच्या तसबिरीत पायाशी कोण असतं? खंडोबाच्या घोड्याबरोबर कोण धावतं? श्राद्धाच्या दिवशी गाईला आणि कावळ्याला काढतो तसा कुत्र्यालाही घास काढतोच की आपण.

खाण्याचं मात्र मन लावून वाच, कारण आजीच्या मायेतूनच त्याला अपाय होतोय.

प्रसादाचा शिरा बंद. साखर-तुपापेक्षा भीती त्यातल्या बेदाण्याची आहे. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी चांगल्या कुत्र्याची किडनीसुद्धा बसते, मग याची तर आधीच दुखरी. तासगावचा बेदाणा किलोवारी भरून ठेवलेल्या घरात हे कुणाला ठाऊक नसतं. चिंचेनंही तसाच घोटाळा होतो, त्यामुळे चिंच-गुळाची आमटी भातावर ओतायची नाही. कांदा-लसणानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आजीच्या स्वयंपाकात तो नाही, एवढं त्याचं नशीब चांगलं. आजीला ‘प्रसाद देऊ नकोस’ असं म्हणू नका, ती दुखावेल. खडीसाखरेचा एक बारीक खडा किंवा तुळशीचं पान घातलेलं चमचाभर तीर्थ चालतं. कपाळाला अंगारा लावते तर लावू दे. पोटात मात्र घालायचा नाही.

एकादशीचा गोंधळ तुझ्या लक्षात आला नसेल. त्या दिवशी तुमच्याकडे भात शिजत नाही, म्हणून खंड्याला साबुदाण्याची खिचडी मिळते. शेंगदाण्याचं कूट म्हणजे फॉस्फरस, वर मीठ. त्याची उलटी बहुतेक द्वादशीला होत असणार, कालनिर्णय काढून बघ. दशमीलाच मऊ भात आणि दुधी शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचा, एकादशीला तुझ्या आईनं गरम करून द्यायचा. कुत्र्याला एकादशी नसते.

एरवीही दूध-भाकरी कमी करा. दूध, बाजरी, हाडं, काळीज, सगळ्यांत फॉस्फरस भरपूर, आणि दुखरी किडनी तो बाहेर टाकू शकत नाही. तांदूळ, दुधी, भोपळा चालतो. अंगाला लागावं म्हणून वर थोडं तूप चालतं, डॉक्टरला विचारून. नामदेवांची भाकरी घेऊन कुत्रा पळाला आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ती गोष्ट आजीला तोंडपाठ असेल. खंड्याच्या बाबतीत भाकरी ठेवायची आणि तूप द्यायचं, एवढाच फरक. प्रथिनांसाठी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात बरा, कारण फॉस्फरस असतो तो पिवळ्यात. माळकऱ्याच्या चुलीवर अंडं चढणार नाही, ते मला कळतं. मागच्या पडवीत वेगळ्या भांड्यात तू उकड, तूच भरव, आजीला त्यात ओढू नकोस. तेही नको असेल तर किडनीच्या कुत्र्यांचं तयार खाद्य मिळतं, पण महाग पडतं. फॉस्फरस धरून ठेवणारी गोळी डॉक्टरांनी दिलीच तर ती जेवणात कालवूनच द्यायची. उपाशीपोटी दिली तर वाया गेली.

आणखी एक. आजीच्या गुडघ्याची गोळी अर्धी करून त्याला कधीही देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, काहीच नाही. लंगडतोय म्हणून कुणीतरी प्रेमानं देतं आणि उरलेली किडनी किंवा यकृत त्यातच जातं.

डॉक्टर कातडीखालचं सलाईन सुचवतील. घाबरू नका, घरी जमतं. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी सैल असते. ती चिमटीत धरून वर ओढली की खाली पोकळी होते, त्यात सुई तिरकी सारायची. बाटली खुंटीला टांगायची. डॉक्टरांनी सांगितलेलं माप गेलं की सुई काढून जागा जरा वेळ दाबून धरायची. पाठीवर उंटासारखा फुगवटा येतो, मग तो घसरत पुढच्या पायापर्यंत उतरतो, आणि काही तासांत जिरतो. पहिल्या वेळी आम्ही सगळे घाबरलो होतो, कुत्रा सोडून. आमच्याकडे सलाईनची वेळ संध्याकाळी हरिपाठाची ठेवली होती. मी म्हणत बसायची, कुत्रा माझ्या मांडीला डोकं लावून पडायचा, आणि हरिपाठ होईतो बाटलीचं काम उरकलेलं असायचं. तुझ्या आजीला हे काम दे. ती नुसती बघत बसली तर खचेल. हाताला काम असलेली म्हातारी माणसं बरी राहतात.

तू लिहिलंयस, ‘आजी कुत्र्यासाठी वारी सोडतेय हे आम्हाला पटत नाही.’ का पटत नाही? आजोबा गेले, मुलं पुण्यात, तू कॉलेजात. दिवसभरात ती सगळ्यात जास्त कुणाशी बोलते, ते एक दिवस घरी राहून ऐक. तुळशीला पाणी घालताना, शेंगा फोडताना, टीव्हीवरचं कीर्तन ऐकताना ती त्याच्याशीच बोलत असते. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची म्हणून खांद्यावर कावड घेऊन निघालेल्या एकनाथांनी ते पाणी तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, हे ऐकत ती लहानाची म्हातारी झाली. ती गोष्ट तिला सांगायला जाऊ नकोस, काकांना सांग.

तरी मधला मार्ग आहे. पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते. तुमच्या गावाहून गाडीनं जाऊन दर्शन घेऊन रात्री परत येता येतं. लोणंदहून निघाल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण होतं. तेवढी वाट ती तिच्या दिंडीबरोबर चालेल, तू गाडी घेऊन पुढं थांब. त्या दिवशी खंड्याजवळ आईनं बसायचं. विचारून बघ. नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नकोस.

वेळ येईल तीही बोलून ठेवू या. कालनिर्णयावर रोज संध्याकाळी आजीलाच खूण करू दे, आजचा दिवस त्याचा बरा गेला की वाईट. खाणं सुटलं, उलट्या थांबेनात, तोंडात फोड आले, श्वासाला मुताचा वास यायला लागला, उठता येईना, झटके आले, आणि वाईट खुणा बऱ्यांपेक्षा वाढल्या, की डॉक्टरांना घरी बोलवा. त्यांनी काकांशी नाही, आजीशी बोलायचं. ती म्हणेल, ‘देवाच्या हातातलं आपण का घ्यावं?’ त्याला उत्तर देत बसू नका. पण माझं मत विचारशील तर किडनीचा शेवट शांत नसतो. मळमळ आणि तोंडातल्या फोडांनी जनावर हैराण होतं, तेव्हा इंजेक्शन द्यावं या मताची मी आहे. आधी गुंगीचं देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि थोड्याच वेळात हृदय थांबतं. शिरेत सुई लावून ठेवायला सांगा, म्हणजे आजीला तुळशीपत्र आणि पाणी द्यायला सवड मिळेल. तिनं नकोच म्हटलं तर उलटी आणि दुखणं कमी करणारी औषधं शेवटपर्यंत चालू ठेवा. तोही निर्णय चुकीचा नाही.

पुरायचं तर स्वतःच्या रानात, विहिरीपासून लांब, कमरेपेक्षा खोल. इंजेक्शन दिलं असेल तर खोली आणखी महत्त्वाची, कारण औषध अंगात राहतं आणि उकरून खाणारं दुसरं जनावर मरतं.

तुझ्या रिपोर्टच्या फोटोत फॉस्फरस आणि लघवीतलं प्रोटीन दिसलं नाही. केलं असेल तर आकडे इथंच टाक, आणि खंड्याचं वजनही लिही. सलाईनचं माप डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना काय काय विचारायचं ते मी सांगते.