वल्हं की फळी?

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : भाच्यासाठी खेळणं आणलं, दोन लाकडी पॅडल आणि एक रबरी चेंडू. खोक्यावर मराठीत छापलं होतं, 'वल्हे व चेंडू'. भाचा खाडीकाठचा. त्याने लगेच विचारलं, "मावशी, होडी खंय आसा?" तर पॅडलला मराठी शब्द कोणता, आणि रॅकेट म्हटलं तर चालेल का?

ताई, भाच्याचा कान अगदी बरोबर आहे. वल्हं पाण्यातलं. त्यावरून वल्हवणे हे क्रियापद आलं आणि वल्हवायची ती होडीच. इंग्रजीत एकच शब्द होडीलाही चालतो नि खेळालाही. आपल्याकडे ही दोन कामं दोन शब्दांनी वाटून घेतली आहेत. चेंडू मारायच्या सपाट लाकडाला मराठीत फळी म्हणतात.

हा शब्द कुणी कोशासाठी घडवलेला नाही. तुकोबांच्या अभंगांत विटीदांडूबरोबर चेंडूफळीही आहे, म्हणजे सतराव्या शतकात हा खेळ आणि हे नाव दोन्ही लोकांच्या ओळखीचे होते. मुंबईत पारशी मंडळींनी 1848मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे क्रिकेट आलं तेव्हा मराठीने हाताशी असलेलं चेंडूफळी हे नाव त्याला देऊन टाकलं. मग क्रिकेट हाच शब्द रुळला, बॅटही रुळली, आणि चेंडूफळी बिचारी जुन्या पुस्तकांत राहिली. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ते नाव एका खेळाचं नव्हतंच. चेंडू आणि फळी घेऊन जे काही खेळाल ते सगळं त्यात बसत होतं.

फळी शब्द संस्कृत फलकापासून आला. मोठा तो फळा, लहान ती फळी आणि मोडकंतोडकं ते फळकूट. मराठीत नुसतं लिंग बदललं की वस्तूचा आकार बदलतो, ते इथे छान दिसतं. आपल्या बाजारपेठांतली जुनी दुकानं आठवा. दाराच्या खाचेत एकेक फळी सरकवायची, तीही क्रमाने, कारण तिसरी पाचवीच्या जागी बसत नसे. "फळ्या लावल्या" म्हटलं की दुकान बंद झालं, हे पोरालाही कळायचं.

फलंदाज शब्दात हीच फळी आहे. गोलंदाज मूळचा तोफखान्यातला, तोफेचा गोळा डागणारा. त्याच्या धर्तीवर फळी चालवणारा तो फलंदाज झाला. 'आघाडीची फळी' मात्र निराळी. ती सैन्याची रांग, जी लढाईत फोडायची असते. क्रिकेटच्या बातमीत या दोन्ही फळ्या एकाच वाक्यात येतात आणि आपला गोंधळ होत नाही, इतका हा शब्द अंगवळणी पडलेला आहे.

चेंडूचं नातं दक्षिणेकडे जातं. कन्नडमध्येही चेंडूला चेंडूच म्हणतात. विटीदांडूतल्या वकट, लेंड, मूंड, नाल या मोजणीतही तेलुगू आकडे ऐकू येतात. आपल्या पट्ट्यात त्या खेळाला कोयंडोबाल म्हणतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता रॅकेटचं. टेनिस-बॅडमिंटनची रॅकेट जाळीची, तिथे तोच शब्द ठेवावा. टेबल टेनिसची भरीव असते, नियमाप्रमाणे तिच्या पात्याच्या जाडीत किमान 85 टक्के नैसर्गिक लाकूड लागतं, तरी तिलाही रॅकेट म्हणायची सवय झाली आहे. ती मोडायचा हट्ट मी धरणार नाही. पण 1965मध्ये अमेरिकेत निघालेला पिकलबॉल हा भरीव पॅडलने खेळायचा खेळ आता आपल्याकडेही आला आहे, किनाऱ्यावर विकायला असतात ते लाकडी जोड आहेत, आणि मधोमध इलॅस्टिकने चेंडू बांधलेलं खेळणं आहे. या तिघांच्याही पॅडलला जाळी नाही, म्हणून तिथे फळीच हवी.

आमच्या मालवणकडे तर फळी बाजारातून आणावी लागत नसे. माडाचं झाप पडलं की त्याचा रुंद बुडखा, म्हणजे पिडो, कोयत्याने दोन्हीकडून तासायचा आणि निमुळत्या भागाची मूठ करायची. ओला असताना जड लागे, चार दिवस उन्हात ठेवला की हाताला हलका, पण कडेच्या शिरा तळव्याला बोचत. चेंडू चिंध्यांचा, सुतळीने आवळलेला. पिडो नसला तर पावसाळ्यानंतर खळं चोपायचं पेटणं पळवायचं. त्याला शेणमातीचा वास असे आणि चेंडू लागला की 'थप्प' असा बसका आवाज यायचा. आजी ओरडे, "माजा पेटणा ठेय थंयच!"

खोक्यावर तेव्हा 'चेंडूफळी' एवढंच पुरे. जोड सांगायचा तर 'दोन फळ्या आणि चेंडू', आणि इलॅस्टिकचं असेल तर 'दोरीची चेंडूफळी'. भाच्याला सांगा, होडी नाही, पण किनाऱ्यावर ओहोटीची कडक वाळू बघून खेळा. मऊ वाळूत चेंडू उसळत नाही.