ट्रोलचा म्होरक्या ओळखायचा कसा?

प्रश्न : मी ट्रोल राक्षसांची फँटसी लिहायलोय, म्होरक्याला सोन्यानं मढवलं तर मित्र म्हणतो हा तर आपला सरपंचच वाटायलाय! काय करू? – एक वाचक, परभणी

उत्तर : मित्राचं बरोबरे. सोनं कुणीबी घालतं हो, दागिना कमवावा लागला की वजन येतं. आपल्याकडं तांड्यावर बघा, लग्न झालेल्या बंजारा बाईच्या केसांना दोन्हीकडून घुगरी नावाचे दागिने लोंबतात, दंडावर चुडा, विचारायची गरजच नाही. न्यूझीलंडच्या माओरींचं चेहऱ्यावरचं मोको गोंदण तर कूळ अन् मान दोन्ही सांगतं. तुमच्या ट्रोलला सुळे असतीलच ना, मग जिंकलेल्या प्रत्येक लढाईमागं सुळ्याला एक भोक पाडून त्यात तांब्याची कडी घाला, हरला की सगळ्या टोळीदेखत एक कडी काढून घ्यायची, भोक तसंच रिकामं.