कुत्रा चावला, आणि घर दुभंगलं

सासू-सून, परीक्षेची भीती, दारू या नेहमीच्या तक्रारींच्या रांगेत समुपदेशक म्हणून माझ्याकडे आता आणखी एक तक्रार नेमाने येते. घरचा कुत्रा कुणाला तरी चावलेला असतो आणि घरात दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, कुत्र्याला मरणाचं इंजेक्शन देऊन मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, मग आधी मला द्या. भुसावळ, चोपडा, पार शिरपूरपासून माणसं येतात आणि खुर्चीत बसता बसता म्हणतात, "मॅडम, कुत्र्यासाठी तुमच्याकडे यायला लाजच वाटते." लाज कसली? कुत्रा तपासायला गुरांचे डॉक्टर आहेत. अबोला धरलेलं घर त्यांनी कुठे तपासायचं?

अशा अनेक घरांपैकी एकाची गोष्ट सांगते. नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातलं कापूस पिकवणारं कुटुंब. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली म्हणून नानांनी जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, वाघ्या. चार वर्षं तो खळ्यात पत्र्याखाली साखळीला. दिवाळीत नानांची बहीण माहेरी आली. तिचा आठ वर्षांचा सोहम भाकरीचा पडलेला तुकडा उचलायला वाकला आणि वाघ्याने त्याचा हात धरला. दोन दात खोल गेले. घाबरून कुणीतरी जखमेत तिखट भरलं. (हे आजही घरोघरी होतं. तिखट नको, चुना नको, हळद नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते मागून घ्यायचं.)

माझ्याकडे आले ते नाना, त्यांची कॉलेजातली मुलगी कांचन आणि नानांचे वडील आबा. नाना तावातच होते. "विश्वासघातकी जनावर, मॅडम. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, सरळ धरलं. त्याच दिवशी संपवणार होतो. हिने दार अडवलं."

दार अडवलं ते बरंच झालं. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर बांधून ठेवायचा असतो. चावताना त्याच्या लाळेत रेबीज असेल, तर एवढ्या दिवसांत तो आजारी पडून मरतोच. दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर ती एक चिंता मिटते. पोराची लस मात्र पहिल्या दिवशीच सुरू करायची, कुत्र्याची वाट पाहायची नाही. घाईने मारलेला कुत्रा ही माहितीही सोबत घेऊन जातो.

कांचन मोबाईलवर बरंच वाचून आली होती. "अमेरिकेत मायकेल विक नावाच्या फुटबॉलपटूकडे २००७ मध्ये झुंजीचे पिटबुल सापडले. त्यातले बहुतेक सुधारले. मग आपला वाघ्या का नाही?"

आबा एवढंच म्हणाले, "मुकं जनावर शे. मारानं नही, पाप लागी."

आणि फोनवरून मेहुण्यांचा तोडगा आला होता, गाडीत घालून सातपुड्यात सोडून येऊ.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. माणूस काय मागतो यापेक्षा कशाच्या धाकाने मागतो, इकडे माझा कान असतो. त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि नंतरच्या जवळजवळ प्रत्येक घरात ती खरी ठरली. इंजेक्शन म्हणणारा, वाचवा म्हणणारी आणि डोंगरात सोडा म्हणणारा, तिघांनाही एकच हवं असतं, की हे प्रकरण आज संपावं. उद्या सकाळी उठून कुणाला काही करावं लागू नये.

म्हणून मी दोनच प्रश्न विचारले. पहिला कांचनला. "मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पहाटे साडेपाचला मुस्की घालून त्याला फिरवणार कोण? तू तर जळगावला होस्टेलवर." ती गप्प झाली. दुसरा नानांना. "इंजेक्शन दिलं. मग मोटारीची राखण?"

"दुसरं पिल्लू आणू."

"कुठे बांधाल?"

नानांनी उत्तर दिलं नाही. आबा मात्र खुर्चीत सरसावून बसले.

त्या शांततेत मी सहज विचारावं तसं विचारलं, "वाघ्या कधीच गुरगुरायचा नाही का?" आबांनी मुलाकडे पाहिलं. नाना बऱ्याच वेळाने म्हणाले, "लहान होता तेव्हा ताटलीजवळ गेलं की गुरगुरायचा. मालकावर गुरगुरतो म्हणजे काय! काठीने मोडली ती खोड मी."

पुढचं मला समजावून सांगावं लागलं नाही. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं 'लांब राहा' असं सांगणं. ते मारून बंद केलं, की त्याची भीती तशीच राहते, फक्त सूचना जाते. न सांगता चावणारा कुत्रा पुष्कळदा असा घडवलेला असतो. नानांच्या चेहऱ्यावर ते एकेक करून उतरताना मी पाहत होते. माझ्या कामात असे क्षण वरचेवर येत नाहीत. आले की मी तोंड उघडत नाही, समोरच्याला तिथपर्यंत स्वतः जाऊ देते. नाना कापऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे पोराला मीच चावलो." आणि दुसऱ्याच वाक्याला टोक गाठलं. "आता त्याला कुणी हात लावायचा नाही. जन्मभर सांभाळीन."

कांचनचा चेहरा उजळला. मी दोघांनाही थांबवलं. संतापात घेतलेला निर्णय जितका कच्चा, तितकाच अपराधीपणात घेतलेला. "नाना, चूक कळली म्हणून धोका कमी झाला नाही. हा कुत्रा आता सूचना देत नाही, म्हणजे उलट जास्त जपायला हवं. स्वतःला शिक्षा म्हणून त्याला पाळू नका. जमणार असेल तर पाळा."

जमणार की नाही, हे ठरवायचं कसं? पुढचे दिवस आम्ही त्यातच घालवले, आणि इतरांनाही मी हेच सांगते. आधी डॉक्टरांकडून दात, कान, सांधे तपासून घ्या. दुखणारा कुत्रा चावतो, आणि साखळी चावून दात तुटलेले कुत्रे आपल्याकडे कमी नाहीत. मग चावा किती खोल होता ते बघा. प्राण्यांचे डॉक्टर इयान डनबार यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. नुसता हवेत दात वाजवण्यापासून जीव जाण्यापर्यंत. खालच्या पायऱ्यांवरचे कुत्रे बहुतेक सावरतात, वरच्या पायऱ्यांवर आशा झपाट्याने कमी होते. घरात रांगतं मूल किंवा काठी टेकणारी आजी आहे का, तेही बघा. जातीवर जाऊ नका. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं, ते महिनाभरात उच्च न्यायालयांत टिकलं नाही. कायदा मालकाला मात्र धरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ निष्काळजी मालकासाठीच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुस्की जाळीची घ्या, तोंड करकचून बांधणारी नको. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो, आपल्या उन्हात तोंड बांधलेला कुत्रा मरेल. आणि डोंगरात सोडणं हा तोडगाच नव्हे. ते आपलं संकट दुसऱ्याच्या पोरांच्या वाटेवर ठेवणं झालं. विकचे कुत्रेही एकेक पारखून घेतले होते, आणि त्यातले काही युटामधल्या आश्रयस्थानातच राहिले, घरांत गेले नाहीत, हे कांचनने वाचलेल्या लेखात नव्हतं.

इंजेक्शनच्या मी विरोधात आहे, असा समज नको. भुसावळच्या एका जोडप्याने औषधं दिली, प्रशिक्षक नेमला, दोन वर्षं झटले. तरी कुत्र्याने तिसऱ्यांदा माणूस फाडला, तोही घरातलाच. आणि घरात बाळ येऊ घातलं होतं. त्यांचा दयामरणाचा निर्णय मला योग्य वाटला, आजही वाटतो. त्यांना मी एवढंच सांगितलं, की दोघांपैकी एकाने शेवटपर्यंत हात त्याच्या अंगावर ठेवायचा, आणि पाहुण्यांना 'आजारी होता' असं खोटं सांगायचं नाही.

नानांच्या घरी वेगळं ठरलं. वाघ्याची साखळी सुटली, खळ्याला सहा फुटी जाळीचं कुंपण आणि दुहेरी फाटक झालं. जेवण बंद जागेत, त्या वेळी जवळ कुणी नाही. सकाळी फिरवणं नानांकडे, धुळ्याहून येणाऱ्या प्रशिक्षकाचा खर्च कांचन शिकवण्या घेऊन भागवते. ताटलीत लांबूनच चांगलंचुंगलं टाकत टाकत माणूस जवळ येणं त्याला सोसायला लावायचं, हे काम संथ आहे. हल्ली तो पुन्हा गुरगुरतो. नाना घाबरून फोन करतात आणि मी त्यांचं अभिनंदन करते. सगळ्यांनी मिळून एक कागद केला आहे. पुन्हा खोल दात लागला तर इंजेक्शन, आणि त्या वेळी नव्याने चर्चा नाही. खाली पहिली सही कांचनची आहे.

सोहम अजून मामाच्या घरी येत नाही. रस्त्यातलं पिल्लू दिसलं तरी आईच्या मागे लपतो. त्याची लस पूर्ण झाली, पण त्याला 'भित्रा' म्हणणं मामांनी थांबवायला दिवाळीपासून संक्रांत गेली. आता तो दर शनिवारी माझ्याकडे येतो. सध्या आम्ही कुत्र्यांची फक्त चित्रं पाहतो आहोत.