निष्ठेवरची विनोदी शॉर्ट फिल्म: कॅमेऱ्याआधी स्क्रिप्ट स्वस्त करा

तुमचा ड्राफ्ट वाचला. कंपनी बंद पडतेय अशी अफवा बॉस मुद्दाम सोडतो, कोण टिकतं आणि कोण पळतं ते बघतो, आणि शेवटी ही सगळी परीक्षा होती असं जाहीर करतो. सात पात्रं, १२ पानं, दोन मजले आणि पार्किंग. हातात पैसे जवळपास नाहीत, तर हे शूट कसं करायचं, असा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर हे शूट करूच नका, आधी परत लिहा.

पैसे असते तरी मी हेच म्हटलं असतं. परीक्षा घेणारा बॉस आला की प्रेक्षक फक्त बिंग कधी फुटतं याची वाट बघत बसतो, आणि ते कसं फुटणार हे त्याला दुसऱ्याच मिनिटाला कळलेलं असतं. निष्ठेतली खरी गंमत अशी की निष्ठावान माणसाला आपण काही जगावेगळं करतोय असं वाटतच नाही, आणि ज्यांच्यासाठी तो मरमर मरतो त्यांच्या ते गावीही नसतं.

समजा, सुधीर नावाच्या कारकुनाला २० वर्षांच्या सेवेबद्दल प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नाव छापलंय 'सुधार'. चूक दाखवली तर कंपनीला वाईट वाटेल, म्हणून तो गप्प बसतो. मग टेबलावरची पाटी बदलतो. मग सही. मग घरी बायकोला सांगतो, आजपासून सुधार म्हणत जा. ती एकदा त्याच्याकडे बघते आणि म्हणते, 'आणि माझं काय ठेवलंय त्यांनी?' शेवटी एचआरवाली दुरुस्त प्रमाणपत्र घेऊन येते, माफी मागते. हा नाव वाचतो आणि नम्रपणे परत करतो: 'मॅडम, इथे सुधीर म्हणून कोणी नाही.' तीन पात्रं, दोन खोल्या, एक कागद. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा वेडी, पण त्याच्या डोक्यात एकदम तर्कशुद्ध. ही गोष्ट घ्या असं नाही, आकारमान दाखवतोय. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा आणि पाच-सहा पानांत आटपा.

सुधीरचं काम करणाऱ्याला आपण विनोदी फिल्ममध्ये आहोत हे विसरायला लावा. डोळे मोठे करणं, कॅमेऱ्याकडे सूचक बघणं, सगळं बंद. त्याला सांगा, हा नोकरी वाचवणारा नाही, दुसऱ्याचा अपमान टाळणारा सज्जन माणूस आहे. नाटकातली मंडळी घेत असाल तर आवाजाची पट्टीही खाली आणावी लागेल.

फ्रेम शक्यतो रुंद ठेवा. बोलणारा आणि ऐकणारा एकाच चौकटीत दिसले की हसू आपोआप येतं, कारण प्रेक्षक ऐकणाऱ्याचा चेहरा स्वतः शोधतो. फक्त यात एक मेख आहे: एकाच टेकमध्ये चाललेल्या संवादाचा वेग एडिटवर बदलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सीनमागे ऐकणाऱ्याचा एक मूक क्लोजअप आणि एखाद्या वस्तूचा इन्सर्ट (जवळून घेतलेला छोटा शॉट), इथे प्रमाणपत्राचा, घेऊन ठेवाच. टायमिंग तिथेच वाचतं. शूटिंगचा क्रम गोष्टीप्रमाणे नको. एका दिशेने बघणारे सगळे शॉट उरका आणि मगच लाइट हलवा.

मोबाइलवर शूट केलंत तरी बिघडत नाही, फक्त एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. ऑफिसच्या दिव्यांखाली पट्टे किंवा लुकलुक दिसली तर शटर स्पीड (सेकंदाच्या भागात) विजेच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवा: ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते आवाजावर करा. धूसर चित्र लोक चालवून घेतात, पण पंच ऐकू आला नाही तर विनोद तिथेच मेला. कॉलरला माइक लावा, रेकॉर्डर वेगळा असेल तर प्रत्येक टेकला कॅमेऱ्यासमोर टाळी द्या, म्हणजे एडिटवर आवाज आणि चित्र जुळवता येतं, एसी आणि पंखे बंद करा. शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज किमान ३० सेकंद रेकॉर्ड करा. विनोदात पॉझ लांबवावे लागतात आणि ती पोकळी भरायला हाच आवाज लागतो.

ऑफिस सुट्टीच्या दिवशी मागा, परवानगी लेखी घ्या. खऱ्या कंपनीचा लोगो फ्रेममध्ये येऊ देऊ नका. संगीत परवान्याचंच वापरा, नाहीतर अपलोड केल्यावर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. गमतीदार पार्श्वसंगीत मात्र अजिबात नको. इथे हसा असं सांगणारं संगीत मला तरी उर्मटपणा वाटतो.

कच्चा एडिट स्क्रिप्ट न वाचलेल्या चार जणांना दाखवा. मते विचारू नका. नुसते त्यांचे चेहरे बघा, आणि कोण कुठे फोन चाळायला लागला तो टाइमकोड (फिल्ममधलं मिनिट-सेकंद) टिपून ठेवा. आणि हो, तुमच्या ड्राफ्टच्या शेवटच्या पानावरचं बॉसचं निष्ठेवरचं भाषण नव्या गोष्टीत घुसवायचा मोह होईल. ते आत्ताच डिलीट करा.