कॅप्टनला प्रसाद-पाकळी नाही

तुमचा प्रश्न असा आहे: अंतराळ मालिकांमधले कॅप्टन सतत धर्मसंकटात सापडतात, ते पेच खरे असतात की एपिसोड भरायची सोय?

बहुतेक वेळा सोयच. शेवटच्या पाच मिनिटांत इंजिनियर काहीतरी जोडतो आणि सगळेच वाचतात. तिथे पेच कसला?

पण मी गोव्यातल्या फोंड्याजवळचा, म्हणून जरा आडवळणाने सांगतो. आमच्याकडे घरातला मोठा प्रश्न सुटेना झाला की देवळात प्रसाद लावतात. भट गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आजोबांच्या मागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) विकायचं की ठेवायचं यावरून बाबा आणि काकांचं बोलणं बंद व्हायच्या बेताला आलं होतं. डावी पडली, कुळागर राहिलं. नंतर कुणी कुणाला बोल लावला नाही, कारण ठरवलं होतं देवानं.

१९६६ साली सुरू झालेल्या स्टार ट्रेकमधला 'प्राइम डायरेक्टिव्ह' मला असाच वाटतो. मागे असलेल्या संस्कृतीच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही, हा त्यांचा नियम. वसाहतवादाच्या इतिहासाकडे बघून केलेला शहाणा नियम आहे, साडेचारशे वर्षं पोर्तुगीज बघितलेल्या गोंयकाराला तो समजावून सांगावा लागत नाही. पण तो पाकळीसारखा वापरता येतो. 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेचा 'होमवर्ड' (१९९४) हा एपिसोड बघा. बोराल ग्रहाचं वातावरण नष्ट होतंय, आणि कॅप्टन पिकार्ड नियमाकडे बोट दाखवून उभा राहतो. गावातली मूठभर माणसं वाचतात ती जहाजावरचा अधिकारी वॉर्फ याच्या मानलेल्या भावाने गुपचूप नियम मोडला म्हणून.

'एंटरप्राइज' या स्टार ट्रेक मालिकेतला 'डिअर डॉक्टर' (२००२) याहून अवघड, कारण तिची गोष्ट आधीच्या काळात घडते, तेव्हा नियम अजून लिहिलेलाच नाही. एक समाज आनुवंशिक रोगाने मरतोय, जहाजावरच्या डॉक्टर फ्लॉक्सला उपाय सापडलाय. पण त्याच ग्रहावर दुसरी एक जमात आहे, तिला वर यायची संधी मिळावी म्हणून उपाय द्यायचा नाही असं ठरतं. मला हे साफ चुकीचं वाटतं. उत्क्रांती म्हणजे कदंबा बस नव्हे, की तिचा शेवटचा थांबा आधीच पाटीवर लिहिलेला असतो. तरीही एपिसोड मला आवडतो, कारण चूक कुणाची ते समोर दिसतं.

(प्रत्यक्षातही असे नियम आहेत. गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत मुद्दाम पाडली. युरोपा, एन्सेलाडससारख्या चंद्रांवर जीव असलेच, तर यानावरून गेलेल्या आपल्या जंतूंनी घोळ होऊ नये म्हणून. पण तिथे मेलं ते यंत्र, त्यामुळे सोपं गेलं.)

माझ्या मते खरा पेच 'व्हॉयेजर' या स्टार ट्रेक मालिकेतल्या 'टुविक्स'चा (१९९६). ट्रान्सपोर्टरच्या (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या) अपघातात जहाजावरचे टुवॉक आणि नीलिक्स एकजीव होऊन तिसराच माणूस तयार होतो. तो हुशार, प्रेमळ, स्वयंपाकही उत्तम करतो. काही आठवड्यांनी दोघांना वेगळं काढायची युक्ती सापडते, पण त्यात हा मरणार. तो म्हणतो, मला जगायचंय. सगळ्यांकडे एकेक करून बघतो, एकही जण तोंड उघडत नाही. जहाजाचा डॉक्टर नकार देतो: त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणं माझ्याने होणार नाही. तेव्हा कॅप्टन जेनवे ते काम स्वतःच्या हाताने करते. दोघे परत येतात, ती गप्प बाहेर पडते, आणि एपिसोड संपतो.

आई शेजारी बसून भाजी चिरत होती. इंग्रजी तिला येत नाही, मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होतो. शेवटी म्हणाली, ''हिनं कुणाला विचारलं नाही?'' मी म्हटलं, ''विचारायला होतं कोण? घर सत्तर वर्षांच्या प्रवासावर.'' आई म्हणाली, ''मग बरोबर केलं.'' बाबा तिकडून म्हणाले, ''अजिबात नाही, तो खून होता.''

तर सुरुवात 'होमवर्ड'पासून करा. 'टुविक्स' मात्र रात्री जेवणानंतर लावू नका. आमच्याकडे साडेबारापर्यंत वाद चालला, आणि सकाळी चहाला परत सुरू झाला.