कोरी काचेची नळी, आणि आणखी तीन प्रश्न

साप चावलेल्या पेशंटचं रक्त नळीत २० मिनिटांत गोठलं, म्हणून एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) न देता थांबलो. तीन तासांनी हिरड्यांतून रक्त आलं. चाचणी खोटी का? (स्टाफ नर्स, यवतमाळ जिल्हा)

खोटी नाही, अपुरी. घोणस किंवा फुरसं चावल्यावर विष अंगात भिनायला वेळ लागतो. म्हणून पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला चाचणी करायची. शिरेतलं २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्या. नळी हलवू नका. बरोबर २० मिनिटांनी एकदाच तिरकी करून पाहा: रक्त पातळच असेल तर विष भिनलंय, एएसव्ही लागेल.

नळी प्लास्टिकची नको. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला चालना मिळते, प्लास्टिकने नाही. साबणाने धुतलेली नळीही तसाच घात करते: रक्त पातळच राहतं आणि एएसव्ही उगाच जातं. शंका असेल तर त्याच खोक्यातल्या दुसऱ्या नळीत एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त घेऊन बघा.

मण्यार किंवा नाग चावला तर रक्त बहुधा नीट गोठतं, म्हणून या चाचणीवर विसंबू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसेलच असं नाही. पापण्या जड होतात का, गिळता येतं का, श्वास कसा आहे, हे दर वेळी बघा.

एएसव्हीआधी स्किन टेस्ट करावी का? (आरोग्यसेविका, गडचिरोली)

नको. रिअॅक्शन येईल की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. वेळ मात्र जातो. मोठ्या माणसासाठी १:१००० अॅड्रेनलिन ०.५ मिली सिरिंजमध्ये भरून जवळ ठेवा. रिअॅक्शन आलीच तर ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्यायचं.

दर ७२ तासांनी सलाईनची सुई बदलायलाच हवी का? (वाशीम)

२०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३,२८३ रुग्णांचा ऑस्ट्रेलियन अभ्यास आला. ठरल्या वेळी बदला किंवा गरजेपुरती बदला, दोन्हीकडे शीर सुजण्याचं प्रमाण सुमारे ७ टक्केच होतं. पण ‘गरजेपुरती’ म्हणजे जागा रोज बघणं आलं. पारा ४५वर गेला की घामाने चिकटपट्टी सुटते. रात्री ४० पेशंटना एकच सिस्टर असेल आणि जागा कुणीच बघत नसेल, तर तूर्त ७२ तासांचा नियम मोडू नका. आधी प्रत्येक ड्युटीत बघायची सवय लावा.

पद्धत बदलू म्हटलं की इंचार्ज म्हणतात, ‘वीस वर्षं असंच करतोय.’ काय करावं? (गोंदिया)

वाद घालू नका. एकच बदल निवडा, वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या. महिनाभर आधीची आणि महिनाभर नंतरची नोंद त्याच रजिस्टरात ठेवा, त्यासाठी एक रकाना पुरतो. सूचनेचा कागद फाइलीत नाही, इमर्जन्सी ट्रेवर चिकटवा.