अकरा वर्षांच्या मुलीने फक्त बॅकस्ट्रोकच करावा का? मुंबईत राहून नॅशनल चॅम्पियन होण्याची वाट कशी असते?

तुमची मुलगी दादरला महात्मा गांधी तलावावर सकाळच्या बॅचला जाते, बॅकमध्ये तिचं टायमिंग झपाट्याने उतरतंय आणि कोच म्हणतायत, बाकीचे स्ट्रोक सोडा. माझं मत विचाराल तर सोडू नका. निदान चौदा-पंधरापर्यंत चारही स्ट्रोक आणि 200 मीटर मेडली (चारही स्ट्रोक एकाच शर्यतीत) चालू राहू द्या. या वयात ज्या मुलीची उंची आधी वाढते तिला बॅकमध्ये लांब हातांचा फायदा लगेच मिळतो, आणि वर्ष-दोन वर्षांत बाकीच्या मुली उंच झाल्या की तो फायदा उरत नाही. शिवाय रोज तेच ते हात मारून खांदा धरतो.

ऑस्ट्रेलियाची केली मॅककिओन बघा. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकला 100 आणि 200 मीटर बॅकची दोन्ही सुवर्णपदकं तिची, 2024 मध्ये पॅरिसलाही तिचीच. आणि पॅरिसला तिने 200 मेडलीचं कांस्यही मिळवलं! तिसरी आलेली अमेरिकेची अ‍ॅलेक्स वॉल्श बाद झाली म्हणून ते मिळालं. बॅकमधून ब्रेस्टकडे वळताना भिंतीला हात लागायच्या आधीच वॉल्शचं शरीर पालथं व्हायला लागलं होतं.

बॅकची शर्यत अशी भिंतीपाशी हातातून जाते. आपल्याकडच्या सरावात नेमकं तेच कच्चं राहतं. भिंतीपासून 5 मीटरवर, पाण्यापासून 1.8 मीटर उंचीवर झेंड्यांची दोरी असते. झेंडे डोक्यावरून गेले की किती हातांनी भिंत येते, हे मुलीला झोपेतही सांगता आलं पाहिजे. ही मोजणी शर्यतीच्या वेगात करायची. आरामात पोहताना आलेला आकडा स्पर्धेत उपयोगाचा नाही, कारण वेगात दर हाताला कापलेलं अंतर बदलतं. उंची वाढत असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. सरावाला झेंडे लावलेले नसतील तर कोचना सांगून टेपने 5 मीटर मोजून दोरी बांधून घ्या. नाहीतर मुलं मान वळवून भिंत शोधायला लागतात, मग कंबर खाली जाते आणि वेग तिथेच मरतो.

नुसत्या बॅकच्या टर्नला, मेडलीतल्या त्या बदलासारखं नाही, पालथं होता येतं. पण पालथं झाल्यावर हाताची ओढ न थांबता सरळ कोलांटीत गेली पाहिजे. भिंत लांब राहिली म्हणून हात अंगाशी ठेवून नुसते पाय मारत सरकलं की बाद. उलट एखादा हात जास्त मारला तर टाचा काठावर आपटतात. भिंत सोडताना पुन्हा पाठीवर असावंच लागतं.

पाण्याखालच्या डॉल्फिन किकवर (दोन्ही पाय जोडून मारायची किक) तर याच्याइतकीच मेहनत हवी. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि दाइची सुझुकी 100 मीटर बॅकमध्ये इतके लांब पाण्याखाली गेले की नंतर नियमाने मर्यादा घालावी लागली. आज ती 15 मीटर आहे. पण म्हणून अकरा वर्षांच्या मुलीला 15 मीटर रेटायचं नाही. किकचा वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरला की वर यायचं. पाच-सहा दमदार किक सुरुवातीला पुष्कळ झाल्या. नाकातून सतत हवा सोडत राहायची, नाहीतर पाणी चढतं आणि मुलं घाबरून लवकर वर येतात.

वर आल्यावर डोकं स्थिर. करंगळी आधी पाण्यात, आणि हात खांद्याच्या रेषेत. हात डोक्याच्या मागे मधल्या रेषेपलीकडे गेला तर शरीर नागमोडी जातं आणि खांद्यावर ताण येतो. खांदा दुखायला लागला तर पॅडल (हाताला लावायच्या चपट्या पट्ट्या) त्याच दिवशी बंद. उघड्या तलावात वर धरायला छताची रेषा नसते, त्यामुळे मुलं लेनच्या दोरीवर जाऊन आदळतात. आरशासारख्या काचेचा गॉगल घ्या आणि बाजूची दोरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची सवय लावा. भिंतीजवळच्या 5 मीटरमध्ये दोरीच्या चकत्यांचा रंग वेगळा असतो, त्याचाही अंदाजाला उपयोग होतो.

आता मजल किती लांबची आहे ते. 2021 मध्ये रोमला 53.77 सेकंद देऊन भारताचा श्रीहरी नटराज 100 मीटर बॅकमध्ये टोकियोसाठी थेट पात्र झाला. पुरुषांचा विश्वविक्रम आहे 51.60, इटलीच्या थॉमस चेकॉनचा, 2022 चा. हा दोन सेकंदांहून थोडा जास्त फरक. मुलींमध्ये माना पटेल त्याच टोकियोला बॅकमध्येच उतरली होती. 2028 च्या लॉस एंजेलिसला 50 मीटर बॅकही असेल, म्हणजे वेगवान मुलींना आणखी एक दार उघडलंय.

नोकरीचं म्हणाल तर रेल्वे, सेनादल आणि पोलिसांचे स्वतःचे संघ नॅशनलला उतरतात आणि महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि निकालपत्रक त्याच आठवड्यात मिळवून एका फाइलला लावत जा.